चारच ट्रॅकचं गाणं: कंप्रेसर कुठे लावायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा

साठ-सत्तर ट्रॅकच्या (एकेका वाद्याचं किंवा आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग म्हणजे एक ट्रॅक) गाण्यात एखादा कंप्रेसर, म्हणजे आवाजाचे मोठे भाग आपोआप खाली दाबणारं साधन, चुकीचा लागला तर तो गर्दीत खपून जातो. चार ट्रॅकच्या गाण्यात तो पहिल्याच ओळीला उघडा पडतो. तिथे गायकाचा श्वास ऐकू येतो, गिटारच्या तारेवरून सरकणारं बोट ऐकू येतं आणि दोन सुरांमधली शांतताही ऐकू येते. कंप्रेसर यातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावतो.

माझं अशा प्रकारचं पहिलं गाणं होतं एक गायिका, अकूस्टिक गिटार, बेस आणि कहोन, म्हणजे ती बसून वाजवायची लाकडी पेटी. व्हिडिओ बघून बघून शिकलो होतो, त्यामुळे गाण्यावर (म्हणजे गायिकेच्या आवाजाच्या ट्रॅकवर) दोन, बाकी तिन्ही वाद्यांवर एकेक आणि मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) दोन असे मोजून सात कंप्रेसर लावले. मला वाटलं, काय भरदार झालंय! गायिकेने एकदा ऐकलं आणि विचारलं, "इथे मी श्वास घेतेय की जिना चढतेय?" तिचं बरोबर होतं. प्रत्येक ओळीआधी धापा टाकल्यासारखा आवाज येत होता आणि ओळ संपली की शेजारच्या खोलीतला पंखा हळूच वर येत होता. रेकॉर्डिंग करताना तो पंखा कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

पुढचं सगळं याच चार ट्रॅकच्या गाण्याला धरून लिहितो. तुमच्याकडे तीन ट्रॅक असतील किंवा सहा, पद्धत तीच राहील. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, त्यासोबत फुकट येणारा कंप्रेसर पुरेसा आहे.

सुरुवात फेडरपासून

एकही प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर लावायचं जादा साधन, कंप्रेसरही त्यातलाच) न लावता चारही ट्रॅक फक्त फेडरने, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने, जुळवा. आवाज कमी ठेवा, इतका की खोलीत कोणी बोललं तर त्याचं बोलणं गाण्याच्या वर ऐकू यावं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता ऐका आणि कागदावर लिहीत जा: कोणता शब्द गेला, कुठे गिटार अंगावर आलं, बेसचा कोणता सूर बाकीच्यांपेक्षा मोठा वाजतो. मोघम नको. "गाणं वर-खाली होतंय" असं लिहून काही हाती लागत नाही. "दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द गिळला जातो" असं लिहा.

आता ही यादी दोन भागांत वाटायची. जे एक-दोनदाच घडतं ते हाताने दुरुस्त करायचं. गायिका एका ओळीला माइकपासून लांब गेली असेल तर तेवढा तुकडा कापून त्याचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, 4-5 डीबी (डेसिबल) वाढवा. एकाच शब्दावर किंचाळल्यासारखं झालं असेल तर तो शब्द 3 डीबी खाली घ्या. याला क्लिप गेन म्हणतात, पाच मिनिटांचं काम असतं आणि आवाजाचा पोत जराही बदलत नाही. जे सतत, प्रत्येक ओळीत, प्रत्येक ठोक्यात घडतं तेच फक्त कंप्रेसरच्या वाट्याचं. ठेका चालू असताना शंभर ठिकाणी हाताने कापत बसणं शक्य नसतं, म्हणून तर हे यंत्र आहे.

नवखे नेमके इथे उलटं करतात. एका ओळीतली 8 डीबीची चूक पकडण्यासाठी थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर गेलेला आवाज कंप्रेसर दाबतो ती रेघ) खाली खेचतात आणि एका ओळीपायी अख्खं गाणं दाबलं जातं.

वहीत एकदा आकडे मांडा

कंप्रेसर काय करतो हे वाचून पटतं, पण आकडे मांडले की डोक्यात बसतं. सॉफ्टवेअरच्या मीटरवर 0 हे सर्वात वरचं टोक असतं, म्हणून आकडे उणे येतात. समजा, गायिकेची जोरदार ओळ -12 डीबीपर्यंत जाते, हळू ओळ -30 वर आहे आणि खोलीचा खरखराट -60 वर. दोन ओळींमध्ये 18 डीबीचा फरक झाला. थ्रेशोल्ड -24 वर ठेवला आणि रेशो 3:1 घेतला.

जोरदार ओळ थ्रेशोल्डच्या 12 डीबी वर जाते. रेशो 3:1 म्हणजे वर गेलेल्या प्रत्येक 3 डीबीमागे 1 डीबी बाहेर येतो. 12 चे झाले 4, म्हणून ओळ -20 वर आली. मीटरवर गेन रिडक्शन 8 डीबी दिसेल. हळू ओळ थ्रेशोल्डच्या खालीच आहे, तिला धक्काही लागला नाही. फरक आता 10 डीबीचा राहिला.

एकूण आवाज पडला म्हणून मेकअप गेन 8 डीबी दिला. जोरदार ओळ परत -12 वर आणि हळू ओळ -22 वर. इथपर्यंत सगळं छान. पण खोलीचा खरखराट? तोही 8 डीबी वर चढून -52 वर आला. ओळीआधीचा श्वास, तोंडाची चटचट, माझा तो पंखा, सगळे याच जिन्याने वर येतात. कंप्रेसर जोरदार भाग दाबतो हे सगळेच सांगतात. तुमच्या कानाला मात्र बहुतेक वेळा ऐकू येतं ते हळू भाग वर आल्याचं, आणि कमी ट्रॅकच्या गाण्यात तो भाग झाकायला काहीच नसतं.

मेकअप गेनचा आणखी एक सापळा आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली दाखवून दिलं की कानाची संवेदनशीलता आवाजाच्या पातळीनुसार बदलते, हळू आवाजात खालचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात. त्यामुळे तीच गोष्ट नुसती मोठ्याने लावली तरी भरदार वाटते. तुम्ही कंप्रेसर चालू केला, आवाज 2 डीबीने वाढला, आणि तुम्ही म्हणालात "व्वा!" ती दाद कंप्रेसरला नव्हती, त्या 2 डीबीला होती. म्हणून प्रत्येक वेळी कंप्रेसर चालू-बंद करताना दोन्हीकडचा आवाज सारखा करून घ्या. मीटरवर भरवसा ठेवू नका, डोळे मिटून बायपासचं बटण भराभर दाबा. चालू कधी आणि बंद कधी हे विसरलात आणि तरीही एक बाजू बरी वाटली, तर ती खरी बरी. ऑटो मेकअप नावाचं बटण असेल तर ते आधी बंद करा. ते बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त आवाज वाढवून ठेवतं.

अटॅक आणि रिलीज: घोडं इथेच पेंड खातं

थ्रेशोल्ड आणि रेशो गणिताचे आहेत, अटॅक आणि रिलीज कानाचे. एक गैरसमज आधी दूर करू. अटॅक 30 मिलिसेकंद म्हणजे कंप्रेसर 30 मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसतो आणि मग दाबतो, असं नसतं. आवाज थ्रेशोल्डच्या वर गेल्याबरोबर तो दाबायला लागतो, अटॅक ही पकड घट्ट होत जाण्याची वेळ असते. रिलीज म्हणजे आवाज खाली आल्यावर पकड सैल होत जाण्याची.

कमी ट्रॅकच्या गाण्यात अटॅकचा अर्थ मी अंतर असा घेतो. अटॅक जलद ठेवला, 1-2 मिलिसेकंद, की तारेवरच्या नखीचा आघात, शब्दाच्या सुरुवातीचा "क" किंवा "ट" बोथट होतो आणि वाजवणारा दोन पावलं मागे गेल्यासारखा वाटतो. अटॅक 20-30 मिलिसेकंद ठेवला की आघात सुखरूप सुटतो, त्यामागचं शरीर दाबलं जातं, आणि वाजवणारा पुढे येऊन बसतो. चारच जण असले की कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवणं म्हणजे अर्धं मिक्सिंग झालं.

हे कानाला सापडायचं कसं? सौम्य सेटिंगवर सुरुवात केली तर काहीच ऐकू येत नाही, आणि मग माणूस मीटर बघून आकडे लावतो. त्यापेक्षा आधी मुद्दाम अति करा. कहोनचा ट्रॅक घ्या, रेशो 10:1 वर न्या, थ्रेशोल्ड इतका खाली आणा की 15 डीबी दाबलं जातंय असं मीटर दाखवेल. भयानक वाजेल, वाजू द्या. आता अटॅक सर्वात जलद करून हळूहळू मोकळा करत जा. आधी नुसता "भप्" ऐकू येईल, मग एका जागी "टप्" अशी थापेची कड परत येईल. हवी तेवढी कड आली की थांबा. मग रिलीज घ्या. तो फार जलद असेल तर दोन थापांच्या मधली हवा फुगून वर येईल, फार सावकाश असेल तर पहिली थाप नीट वाजेल आणि पुढच्या सगळ्या दबलेल्या राहतील. मधे कुठेतरी अशी जागा सापडते जिथे काटा थापेसरशी खाली जातो आणि पुढची थाप यायच्या जरा आधी जागेवर परततो. काटा गाण्याबरोबर मान डोलावतोय असं दिसलं की समजा जमलं. शेवटी रेशो 3:1 किंवा 4:1 वर आणा आणि थ्रेशोल्ड वर घेत घेत 2-4 डीबीवर थांबा. अति केल्यावर जी जागा सापडली तीच सौम्य केल्यावरही काम करते, फक्त आता ती डोळ्यांत येत नाही.

रिलीजला गणिताचा आधार हवाच असेल तर 60,000 ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा. 90 बीपीएमला एक ठोका सुमारे 667 मिलिसेकंदांचा, अर्धा सुमारे 333 चा. तिथून सुरुवात करा आणि मग आकडा विसरून ऐका. गायक काही मेट्रोनोमला बांधलेला नसतो.

गाणं

इथे वेळ घालवा, कारण ऐकणारा इथेच कान लावून बसणार आहे.

कंप्रेसरच्या आधी इक्यू (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं प्लगइन) लावून 80-100 हर्ट्झच्या खालचं काढून टाका. "प", "फ", "भ" या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर खाली दणका बसतो. तो दणका कानाला जेवढा जाणवतो त्यापेक्षा कंप्रेसरला कितीतरी मोठा दिसतो, आणि शब्द मऊ असला तरी त्या झोतापायी तो दाबला जातो. आधी झोत काढा, मग दाबा.

आता एका मराठी ओळीकडे जवळून बघू. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि ओळ संपता संपता गायकाचा श्वासही संपत आलेला असतो. त्यामुळे "होते", "गेले", "नाही" हे शब्द, ज्यांवर ओळीचा अर्थ टांगलेला असतो, तेच नेमके हळू पडतात. समजा, ओळीच्या मध्यावर एक उंच स्वर आहे आणि त्यावर कंप्रेसरने 6 डीबी दाबलं. रिलीज एक सेकंदाचा असेल तर शेवटचा शब्द येईपर्यंत पकड पुरती सुटलेलीच नसते. आधीच हळू असलेला शब्द वरून आणखी दाबला जातो. "नाही" चं नुसतं "ना" उरतं. अशा वेळी नवखा थ्रेशोल्ड आणखी खाली करतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. करायचं असतं ते दुसरंच: रिलीज 100-150 मिलिसेकंदांच्या आसपास आणा म्हणजे शेवटच्या शब्दाआधी काटा परत येईल, आणि तरीही शब्द लहान वाटला तर तेवढा शब्द क्लिप गेनने 2 डीबी उचला.

एकाच कंप्रेसरकडून 6 डीबी काढून घेण्यापेक्षा दोघांकडून तीन-तीन डीबी काढणं सोपं पडतं. जुन्या स्टुडिओंमधली एक जोडी यासाठी प्रसिद्ध आहे आणि जवळपास प्रत्येक प्लगइन कंपनीने तिची नक्कल केलेली आहे. पहिला 1176, रेकॉर्डिंग इंजिनियर बिल पुटनम यांनी 1967 साली आणलेला. त्याचा अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वात सावकाश ठेवला तरी तो एका मिलिसेकंदाच्या आत पकडतो. दुसरा एलए-2ए, ज्यात आवाजाच्या जोरावर आत एक दिवा पेटतो आणि समोरचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोधक आवाज खाली आणतो. दिवा आणि रोधक यांना जागं व्हायला आणि शांत व्हायला वेळ लागतो. अटॅक सरासरी 10 मिलिसेकंद, सोडताना अर्धी पकड 60 मिलिसेकंदांत सैल होते आणि उरलेली अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळते. पहिला टोकं छाटतो, दुसरा ओळ सावरून धरतो. नक्कल वापरणार असाल तर एक खबरदारी: 1176 वरचे अटॅक आणि रिलीजचे नॉब उलटे आहेत, उजवीकडे फिरवले की जलद होतात. मी महिनाभर उलटं समजून वापरला होता आणि वर "याचा अटॅक सावकाशच बरा" असं लोकांना सांगतही होतो.

साध्या कंप्रेसरने हेच करायचं तर पहिल्यावर रेशो 4:1, अटॅक 1-3 मिलिसेकंद, रिलीज 60-80, आणि थ्रेशोल्ड असा की तो फक्त सर्वात मोठ्या शब्दांवर 2-3 डीबी हलेल, बाकी वेळ स्वस्थ बसेल. दुसऱ्यावर रेशो 2:1, अटॅक 15-20, रिलीज 150 च्या आसपास किंवा ऑटो असेल तर ऑटो, नी (थ्रेशोल्डजवळ पकड सुरू होतानाचं वळण) मऊ, आणि तो जवळजवळ सतत 2-3 डीबी धरून ठेवेल. शांत, पुटपुटल्यासारखं गाणं असेल तर पहिला काढून टाका, एकटा दुसरा भागतो.

दोन गोष्टी यानंतर वर येतील. एक "स" आणि "श". ही अक्षरं ऊर्जेने लहान असल्यामुळे कंप्रेसरच्या नजरेतून सुटतात, मग मेकअप गेन मिळाला की चावतात. डी-एसर (फक्त ही अक्षरं दाबणारं प्लगइन) लावा, साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये ते सापडतात, बायकांच्या आवाजात बहुधा थोडे वरच्या बाजूला. मात्र "सांज" चं "थांज" होईपर्यंत लावू नका. दुसरी गोष्ट श्वास. ते सगळे काढून टाकायचा मोह होतो, आणि श्वास काढलेलं गाणं पाण्याखाली गायल्यासारखं वाटतं. प्रत्येक श्वासाचा तुकडा 5-6 डीबी खाली घ्या आणि जागेवर राहू द्या. तीस-चाळीस श्वास असतील, अर्ध्या तासाचं काम आहे. कंटाळवाणं आहे, पण माझ्या जिना चढणाऱ्या गायिकेला तेवढ्यानेच खाली उतरवता आलं.

बेस

चौघांत कंप्रेसर सर्वात जास्त सोसतो तो बेस. एक सूर मोठा आणि शेजारचा लहान हे बेसमध्ये चालायचंच, बोट कसं पडलं आणि खोलीत कोणता सूर घुमला यावर ते ठरतं. रेशो 4:1, अटॅक 20-30, गेन रिडक्शन 4 ते 6 डीबी, प्रसंगी 7 सुद्धा चालतं.

सांभाळायचा तो रिलीज. बेस गिटारची सर्वात जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तिची एक लाट सुमारे 24 मिलिसेकंदांची. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून खूप जलद असतील तर कंप्रेसर सुराची पातळी सोडून एकेका लाटेच्याच मागे लागतो, लाटेचा आकार बदलतो आणि फाटल्यासारखी घरघर येते. कधी ती घरघर हवीशी असते, लहान स्पीकरवर बेस दिसायला मदतच होते. पण ती आपण मागितलेली असावी. 100 मिलिसेकंदांच्या वर रिलीज ठेवला की बहुधा प्रश्न येत नाही.

बेस सोलो करून ऐकू नका. एकटा ऐकलात तर तो नेहमीच अपुरा वाटेल.

गिटार

माझं मत: लावू नका.

निदान पहिल्यांदा नको. अकूस्टिक गिटार जवळून रेकॉर्ड केलेलं असेल तर आघात आणि घुमारा यांतला फरक हाच त्याचा जीव असतो. त्यावर 5 डीबी दाबलं की तारेवर बोट घासल्याचा चिरका आवाज सुराच्या बरोबरीने येऊन बसतो, आणि चार ट्रॅकच्या गाण्यात तो प्रत्येक कॉर्डला कानात जातो. बोटांनी सुटे सूर वाजवलेले असतील आणि एखादा सूर उसळत असेल तर क्लिप गेन आहेच. जोरजोरात स्ट्रमिंग असेल आणि फटके गाण्याला टोचत असतील तेव्हा रेशो 2:1, अटॅक 5-10, आणि दोनच डीबी. गिटार गाण्याच्या आड येत असेल तर तो बहुतेकदा कंप्रेसरचा प्रश्न नसतो, 200-300 हर्ट्झच्या गुबगुबीत भागाचा किंवा फेडरचा असतो.

कहोन, आणि बाजूने दाबायची युक्ती

थाप जशी आहे तशीच राहावी, पण मधली बारीक बोटं, ती टिकटिक, थोडी वर यावी असं वाटत असेल तर सरळ कंप्रेसर लावून ते जमत नाही. थापही दबते. त्यासाठी ट्रॅकची एक प्रत वेगळ्या चॅनलवर घ्या, तिला निर्दयपणे दाबा, 10:1, अटॅक जलद, 15 डीबी वगैरे, आणि तिचा फेडर पूर्ण खाली ठेवून मूळ ट्रॅक वाजत असताना हळूहळू वर सरकवा. प्रत ऐकू यायला लागली की 2 डीबी मागे घ्या. थापेच्या वेळी मूळ ट्रॅक मोठा असतो म्हणून प्रत झाकली जाते, थाप नसते तेव्हा प्रत खालून आधार देते. यालाच पॅरलल कंप्रेशन म्हणतात. तुमच्या प्लगइनवर "मिक्स" नावाचा नॉब असेल तर वेगळ्या चॅनलचीही गरज नाही, तो 20-30 टक्क्यांवर ठेवला की तेच होतं.

ही युक्ती गाण्यावरही चालते. फक्त प्रतीवर श्वास आणि "स" दुप्पट उसळतात हे ध्यानात असू द्या, म्हणून आधी ते आवरून मगच प्रत काढा.

मास्टर

मास्टरवरच्या कंप्रेसरने चौघांना एका खोलीत बसवायचं असतं, गाणं मोठं करणं हे त्याचं काम नाही. रेशो 2:1, अटॅक 30, रिलीज ऑटो किंवा 100-300 मधला गाण्याला मानवेल तो, आणि सर्वात जोरदार भागात 1 ते 2 डीबी. तो लावायचाच असेल तर मिक्स अर्धं झाल्यावर लावा आणि उरलेलं मिक्स त्याच्यासकट करा. सगळं संपल्यावर शेवटी लावला की जुळवलेले फेडर पुन्हा हलल्यासारखे वाटतात.

इथे एक खोड हमखास भेटते: बेसचा किंवा कहोनचा खालचा ठोका पडला की गायिका क्षणभर मागे जाते. खालच्या सुरांत ऊर्जा जास्त, कंप्रेसर त्यालाच आधी बळी पडतो आणि शिक्षा सगळ्यांना होते. कंप्रेसरमध्ये साइडचेन फिल्टर (कंप्रेसर जे ऐकून दाबायचं ठरवतो त्यातून खालचे सूर काढणारा) असेल तर तो 100 हर्ट्झवर ठेवा. कंप्रेसर ठोक्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, पण आवाजातून बेस मात्र कमी होत नाही.

मोठ्या आवाजाच्या मागे लागण्यात आता फारसा अर्थही नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी -14 एलयूएफएसच्या (गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून वाजवतं. तुम्ही चेपून चेपून -8 केलंत तर ते 6 डीबी खाली आणलं जाईल, आणि तुमच्या हाती उरेल फक्त चेपलेपण. शेजारी वाजणारं मोकळं गाणं तेवढ्याच आवाजात जास्त जिवंत वाटेल. गायिका आणि गिटारचं गाणं -16 वर राहिलं तरी बिघडत नाही.

झडती

मिक्स झालं की त्या रात्री निर्यात करू नका. कानाला दाबलेल्या आवाजाची फार लवकर सवय होते, तासाभरात 6 डीबी सुद्धा नैसर्गिक वाटायला लागतं. सकाळी उठून आवाज कमी ठेवून ऐका. मग एकेक कंप्रेसर बायपास करत जा, प्रत्येक वेळी आवाज सारखा करून, आणि पहिल्या दिवशीची कागदावरची यादी समोर ठेवून. यादीतली एखादी ओळ परत बिघडली तर तो कंप्रेसर कामाचा, राहू दे. काहीच बिघडलं नाही तर काढून टाका, भले त्याचं प्लगइन तुम्ही कितीही हौसेने घेतलेलं असो. शेवटी हेडफोनवर फक्त ओळींमधल्या मोकळ्या जागा ऐका. तिथे खोली वर येताना ऐकू आली तर कुठल्या तरी ट्रॅकचा मेकअप गेन जास्त आहे, बहुधा गाण्याचाच.

माझ्या त्या गाण्यातले सातपैकी चार या झडतीत गेले. मास्टरवरचे दोन्ही, गिटारवरचा, आणि गाण्यावरच्या दोघांतला एक. गायिकेला परत ऐकवलं तेव्हा तिने कंप्रेसरचा विषयच काढला नाही. दुसऱ्या कडव्यात ती किंचित बेसूर झालीय, तेवढं परत गाऊन देऊ का, असं म्हणाली.